चाक वाजलं का?

बँकेच्या रखवालदाराने तिला पाहिलं. तिला म्हणजे तिच्या हातातल्या बॅगेला. आणि लगबगीने पुढे होऊन त्याने काचेचं दार उघडून धरलं.

तिला बँकेत जायचंच नव्हतं. चाक कुरकुरतंय का ते ऐकायला ती दारासमोर जरा थांबली होती, एवढंच. तरी ती त्याच्याकडे बघून हसली, मान हलवली आणि बॅग ओढत पुढे निघाली. मनाशी मात्र तिने नोंद केली. चकचकीत बॅग, उघडलेलं दार. मागच्या आठवड्यात हीच जागा होती, हाच रखवालदार होता आणि हीच ती होती, फक्त हातातली बॅग विटक्या कापडाची होती, कोपरे फाटलेली. तेव्हा हे गृहस्थ म्हणाले होते, "पुढे व्हा, पुढे व्हा. इथे थांबायचं नाही." बॅग बदलली आणि बाईसाहेब झाली! तिला याचा राग यायला हवा होता, पण आली ती गंमतच.

तिच्या बाबांचं प्रवासी बॅगा दुरुस्त करण्याचं दुकान होतं. निखळलेली चाकं, तुटलेल्या मुठी, दात विचकून बसलेल्या चेनी, सगळं तिथे ठीक होई. बाबांचा एकच नियम होता आणि त्यात कुणासाठी सूट नव्हती: दुरुस्त झालेली बॅग फेरी मारून आल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही. बॅगेत वाळूच्या पिशव्या भरायच्या आणि निघायचं. आधी दुकानासमोरची गुळगुळीत फरशी, मग उतार, मग पूल, आणि परतीला ती दगडी गल्ली. त्या गल्लीने भल्याभल्या चाकांचा माज उतरवला होता.

पूर्वी ही फेरी बाबा स्वतः मारत. मग त्यांच्या गुडघ्याने असहकार पुकारला आणि फेरी तिच्याकडे आली. तेव्हा ती शाळेत होती, आता कॉलेजात समाजशास्त्र शिकत होती. इतकी वर्षं रोज संध्याकाळी, कधी सकाळी, ती सामान घेऊन निघे आणि अर्ध्या-पाऊण तासात घरी परत येई. एवढा प्रवास करून कुठेच न पोचलेली अशी दुसरी मुलगी त्या गावात नसावी. रस्त्याने तिचं नावच 'मुसाफिर' ठेवलं होतं.

"आज कुठे, मुसाफिर?" घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं.

"आज वाळवंटात. उंट ठरवून ठेवलाय."

"मग येताना तिथली वेळ घेऊन ये. इथली काही नीट चालत नाही."

चहाच्या टपरीवरच्या काकूंनीही विचारलं. त्यांना तिने बर्फाचा डोंगर सांगितला. एका फेरीत दोन ठिकाणं सांगायला तिला कुठे तिकीट काढायचं होतं?

"जा बाई जा," काकू म्हणाल्या. "पण जेवायला घरी ये."

पुलाच्या तोंडाशी चावीवाला बसे. गावातल्या झाडून साऱ्या कुलपांच्या किल्ल्या करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडाला मात्र कुलूप कधी लागलं नाही. तो 'आज कुठे' विचारून थांबत नसे. तिथे कोणतं पीक येतं, तिथली माणसं भांडतात कशावरून, तिथे किल्ल्या लागतात की सगळं उघडंच असतं, सगळं त्याला हवं असे. तीही सुचेल ते ठोकून देई. पण त्या दिवशी वाळवंटातल्या कुलपांबद्दल बोलता बोलता ती मधेच गप्प झाली. कारण या वेळी खरंच एक गाव होतं. नकाशावर असलेलं, दोन विमानं बदलून पोचायचं. तिथल्या विद्यापीठाने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं, राहण्या-जेवण्याच्या सोयीसकट. येते की नाही ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

ती दुकानात परतली तेव्हा बाबा एका मुठीचा स्क्रू पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वाजलं का?"

"उतारावर नाही. गल्लीत जरा वाजलं. डावं."

"हं," म्हणून बाबांनी बॅग उलटी केली आणि डावं चाक काढायला घेतलं.

हा प्रश्न ते दर फेरीनंतर विचारत आणि त्याचं उत्तर खरंच द्यायचं असे. अगदी लहान असताना एकदा कंटाळून तिने 'नाही वाजलं' असं दडपून सांगितलं होतं आणि ती बॅग तिसऱ्या दिवशी तीन चाकांवर लंगडत परत आली होती. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपण इथे खोटं बोलतो आणि कुणीतरी तिकडे परक्या रस्त्यात अडकून बसतं." त्यानंतर तिने इतर पुष्कळ बाबतीत थापा मारल्या असतील, चाकाच्या बाबतीत कधी नाही.

बोलावणं आल्याचं तिने बाबांना जेवताना सांगितलं होतं. सांगून झाल्यावर विचारलं होतं, "बाबा, मी जाऊ?" बाबांनी घास गिळला, पाणी प्यायले, "हं," म्हणाले आणि मीठ मागितलं. त्याला आता आठवडा होत आला होता. त्या 'हं'चं पुढे काही झालं नव्हतं.

"मला कशाला विचारतेस?" दुकानाच्या मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बॅगांची अस्तरं शिवत बसलेली आई म्हणाली. "मी तर त्याच दिवशी हो म्हटलंय. तुझी मोठी मावशी, धाकटी मावशी, सगळ्यांना सांगून मोकळीही झाले."

"पण बाबा काही बोलतच नाहीत गं."

"लग्न ठरवायला आले होते तेव्हा तरी कुठे बोलले? माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर म्हणाले, हं. वडील रात्रभर येरझाऱ्या घालत होते, हं म्हणजे काय म्हणून." आईने दोरा दाताने तोडला. "तू आपली कळवून टाक. बसतील मागून चरफडत."

"नाही. त्यांनी म्हणायला हवं. तोंडाने."

"मग बस वाट बघत. मौनीबाबाची लेक आणि हट्टीबाईची नात."

आई हसत होती, पण तिला हसू येत नव्हतं. बाबांचं काय चाललंय ते तिला आतून कुठेतरी कळत होतं आणि तेच तिला टोचत होतं. त्यांना फेरी मारता येत नव्हती आणि ती गेल्यावर मारणारं कुणी नव्हतं, हे एक झालं. दुसरं म्हणजे बाबांनी जग पाहिलं होतं ते या दुकानाच्या दारातून. "आपल्याकडे प्रवास येतो तो मोडूनच येतो," असं ते एकदा म्हणाले होते. सुखाने गेलेली आणि सुखाने पोचलेली बॅग त्यांच्याकडे कशाला येईल? त्यातून वरच्या फळीवर काही बॅगा वर्षानुवर्षं पडून होत्या, दुरुस्त झालेल्या, पुसलेल्या. त्यांचे मालक न्यायला परत आलेच नव्हते. त्या फळीकडे बघत रोज काम करणाऱ्या माणसाला लेकीचा प्रवास कसा दिसत असेल? ओढूनताणून मिळवलेली परवानगी घेऊन तिला जायचं नव्हतं. शुक्रवारपर्यंत ते बोलले नाहीत, तर नाही म्हणून कळवायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. ठरवल्यापासून तिला धड झोप लागत नव्हती.

गुरुवारचा अख्खा दिवस कॉलेजात गेला. बाईंनी वर्गाला काम दिलं होतं: आपल्या रोजच्या रस्त्याकडे परक्यासारखं बघा आणि काय दिसलं ते सांगा. कुणी फेरीवाल्यांच्या जागांबद्दल बोललं, कुणी रांगांबद्दल. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "रस्त्यावर माणूस दिसत नाही. त्याच्या हातातलं सामान दिसतं. आधी सामानाला वागवतात, मग त्याच्या मागे जो कोणी असेल त्याला." आणि तिने रखवालदाराचं दार सांगितलं, उघडलेलं आणि न उघडलेलं. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. "सिद्धान्त ऐटबाज आहे," त्या म्हणाल्या. "आता याला एक अपवाद शोधून आण."

"अपवाद कशाला? मी इतकी वर्षं बघतेय."

"म्हणूनच. अपवाद सापडेपर्यंत सिद्धान्ताला मी सिद्धान्त म्हणत नाही, हट्ट म्हणते."

एका आठवड्यात दोघींनी तिला हट्टी म्हटलं होतं. ती फणफणतच संध्याकाळी घरी आली. बाबा दुकानात नव्हते. आत खाटेवर पाय पसरून बसले होते आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती.

"काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

तिने आईकडे बघितलं. आईने खांदे उडवले. "मी बाजारात गेले होते. आले तर हे असे. विचारलं तर म्हणे, हं." आणि ती पुटपुटली, "या घरात भिंतीला बोलतं करणं सोपं."

शुक्रवारी सकाळी तिने मुद्दाम ती विटकी, कापडी बॅग घेतली. तिची नवी चाकं बाबांनी आदल्या दिवशीच बसवली होती. अपवाद शोधायचा तर या बॅगेनेच शोधायला हवा होता. तिने वाळूच्या पिशव्या भरल्या आणि ती निघाली. संध्याकाळी काय कळवायचं ते डोक्यात होतंच, पण पायांना सवय होती.

बँकेसमोर ती हटकून थांबली. रखवालदार पायरी उतरून खाली आला. आता 'पुढे व्हा' ऐकायला ती तयार झाली.

"उन्हात कशाला उभ्या?" तो म्हणाला. "या, सावलीत या की. पाणी आणू?"

तिने बॅगेकडे बघितलं. फाटकीच होती. "नको," ती कशीबशी म्हणाली आणि पुढे झाली.

घड्याळवाल्याने तिला येताना पाहिलं आणि डोळ्यावरचं भिंग काढलं. तिने उत्तर तयार ठेवलं होतं. आज ज्वालामुखी होता. पण त्याने विचारलंच नाही. तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"छान, छान," म्हणून त्याने भिंग पुन्हा लावलं, पण समोरच्या घड्याळात काही डोकं घातलं नाही.

काकूंनी तर हात धरून बाकावर बसवलं आणि न मागता चहा पुढे केला. आल्यागेल्याला टोमणे मारल्याशिवाय ज्यांचा चहा उकळत नाही त्या काकू, पण तिच्याकडे बघून उगाच पदराने ओटा पुसत राहिल्या. 'आज कुठे' नाही की 'जेवायला घरी ये' नाही. ज्वालामुखी तसाच पडून राहिला.

आता तिचं कुतूहल चाळवलं. तिने घड्याळाच्या दुकानाच्या काचेत तोंड बघितलं. शाई नाही, काजळ पसरलेलं नाही. मग हे काय? बॅगेत काही आहे का? समाजशास्त्र शिकत होती ना, मग शास्त्र शास्त्रासारखं वापरायला हवं. ती पूल न गाठताच परत फिरली.

"वाजलं का?"

"टपरीपर्यंत तरी नाही. बाबा, ती चकचकीत द्या."

"ती मंगळवारी पास झाली."

"पुन्हा बघते."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणतील असं वाटलं. पण ते "हं," म्हणाले आणि त्यांनी बॅग पुढे सरकवली.

दुसऱ्या फेरीतही अगदी तेच! रखवालदाराने चकचकीत बॅगेकडे ढुंकून पाहिलं नाही, तिच्याकडे बघून मान हलवली, जुनी ओळख असल्यासारखी. घड्याळवाला पुन्हा "बरी आहेस ना?" काकूंनी "अगं, पुन्हा आलीस?" म्हणून गालावरून हात फिरवला. बॅग बदलली तरी फरक शून्य. आज रस्त्याला सामान दिसतच नव्हतं, तीच दिसत होती. अपवाद सापडला होता, पण त्याचं कारण काही सापडत नव्हतं. आणि कारण सांगेल असा माणूस रस्त्यावर एकच होता.

"आज मला कुणीच विचारलं नाही, आज कुठे म्हणून," पुलापाशी ती चावीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. "काय झालंय काय सगळ्यांना?"

चावीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. "आता काय विचारायचं? माहीत आहे ना सगळ्यांना."

"काय माहीत आहे?"

"अगं, काल तुझे बाबा येऊन गेले ना."

"बाबा? इथवर?"

"बॅग घेऊन. लंगडत, पण आले. ती तुझी नेहमीची फाटकी नाही का, ती. मी आपलं सवयीने विचारलं, आज कुठे, मालक? तर म्हणाले, मी कुठला जातोय, लेक चाललीय. लांब, शिकायला. आणि 'शिकायला' म्हणता म्हणता आवाजच गेला बघ त्यांचा. बसले इथेच, बॅगेवर. मी पाणी दिलं."

पुढे विचारायची गरजच नव्हती; चावीवाला सुरू झाला की झाला.

"वाटेत ज्याने ज्याने विचारलं त्याला त्याला सांगत आले म्हणे. घड्याळवाल्याला सांगितलं. काकूंना सांगितलं, तेव्हा काकूच रडल्या. त्या बँकेच्या रखवालदाराने तर विचारलंही नव्हतं, त्यालाही थांबून सांगितलं. रोज इथून बॅग घेऊन जाते ना, ती माझी लेक, म्हणाले. बरं, पाणी पिऊन गेले. मला वाटलं, संपलं. तर तासाभराने पुन्हा हजर!"

"पुन्हा?"

"तीच बॅग, तोच पाय ओढत. मी म्हटलं, काही विसरलात का मालक? म्हणाले, नाही. विचार पुन्हा. मी म्हटलं, काय विचारू? तर म्हणाले, आज कुठे ते विचार." चावीवाल्याने डोकं खाजवलं. "मला काय, विचारलं. तर या वेळी कसं खणखणीत म्हणाले: लेक चाललीय, लांब, शिकायला. एकदाही अडखळले नाहीत. आणि आपलीच मान हलवत गेले की निघून. मला काही कळलं नाही बुवा. का गं, तुला सांगितलं नाही का त्यांनी?"

पुलाखालून पाणी वाहत होतं. तिने कठडा धरला होता.

"सांगतील," ती म्हणाली.

दगडी गल्लीतून परतताना चाक वाजलं नाही, एवढं तिच्या कानांनी सवयीने टिपलं; लक्ष मात्र दगडांकडे होतं. याच दगडांवरून तो गुडघा काल दोनदा गेला होता. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी हसूही येत होतं, कारण तिचे बाबा तिला चांगले ठाऊक होते. दुरुस्त केलेली कुठलीही गोष्ट रस्त्यावर नीट चालते की नाही हे पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. साऱ्या रस्त्याला वाचायला निघालेली ती, आणि घरातलं माणूस तिला वाचता आलं नव्हतं.

ती दुकानात शिरली. बाबा स्टुलावर बसून एका चाकाला आस बसवत होते.

"वाजलं का?"

"नाही."

बाबांनी बॅग घेण्यासाठी हात पुढे केला. तिने ती दिली नाही. ती तशीच उभी राहिली, मूठ धरून. बाबा आपणहून काही बोलणार नाहीत, हे तिला आता कळलं होतं. काल रस्त्यावरही ते 'विचार' म्हणाले होते. तिने एकदाच विचारून आठवडाभर वाट बघितली होती आणि दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी जाऊ?"

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं.

बाबांनी पक्कड बाकावर ठेवली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. मग तिच्याकडे सरळ बघत म्हणाले,

"जा. लांब आहे, पण जा. शिकून ये."

सगळं नीट म्हणून झालं. फक्त शेवटच्या शब्दावर आवाज कर्रकन चिरकला, दगडी गल्लीत कोरडं चाक चिरकतं तसा. बाबांनी चटकन मान खाली घातली आणि मांडीवरचं चाक उचलून बोटाने फिरवलं. ते मुकाट्याने फिरत राहिलं.

"वाजलं का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

चाकाच्या बाबतीत ती कधी खोटं बोलत नसे.

"नाही," ती म्हणाली.